पेवातला दिवा

"वैनी, दिवा म्हंजे माझं नाक हाय," शिदूमामा म्हणाला. "त्यो जळला तर मी खाली. त्यो विझला तर मी हितं, ह्या चिंचंखाली तंबाखू मळत बसनार. मग मालकानं शिव्या घातल्या तरी उतरायचा न्हाई."

असं म्हणून त्याने कंदिलाची दोरी माझ्या हातात दिली. दोरीला एका जागी लाल चिंधी बांधलेली होती. ती चिंधी पेवाच्या तोंडाशी आली की खाली कंदील बरोबर हळदीच्या ढिगाशी पोचायचा. शिदूमामाचा सगळा भरवसा त्या चिंधीवर होता. चाळीस वर्षं तो आमच्या घरची पेवं उपसत होता आणि त्याला कधी साधी भोवळही आली नव्हती.

सांगलीशेजारच्या आमच्या गावात तेव्हा हळद पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर तोंड एवढंसं, माणूस खांदे चोरून कसाबसा आत जाईल इतकं, आणि खाली पंचवीस फूट खोल, मोठ्या रांजणासारखी पोकळी. हळद भरून तोंडावर दगड ठेवायचा, वर माती लिंपायची, की वर्षानुवर्षं आत कीड शिरत नाही. कीड जगत नाही, कारण आत जगण्याजोगी हवाच उरत नाही. म्हणून पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दिवा सोडून बघायचा.

माझ्या सासरी मात्र या दिव्याचं नुसतं बघणं राहिलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेने तोंडाच्या दगडाला हळदकुंकू वाहायचं, तिच्याच हाताने कंदील लावायचा, आणि एका माणसाचं सावकाश जेवण होईल इतका वेळ तिथे बसून राहायचं. दिवा टिकला तर सून चांगल्या पायगुणाची. ही रीत कुणी पाडली कुणास ठाऊक. दुष्काळाच्या दोन वर्षांत पेवं रिकामीच होती, आणि दिवाळीत हे पेव अर्धं उपसलं तेव्हा मी माहेरी होते. त्यामुळे लग्नाला तीन वर्षं होऊनही माझी ती पहिलीच खेप होती.

माहेरी होते, कारण चौथ्या महिन्यात माझं पोट पडलं होतं. त्याआधी, माप ओलांडून मी या घरात आले त्या दिवशी, ओवाळणीच्या तबकातलं निरांजन विझलं होतं. माघातला वारा होता, दार सताड उघडं होतं, विझणारच. पण सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, या दोन गोष्टींची गाठ मारली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या हातचा दिवा टिकत न्हाई बघ, पोरी." रागाने नाही, मायेने म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं.

आता मला पुन्हा तिसरा महिना लागला होता. आदल्या दिवशी तुळशीपाशी त्या मला हळूच म्हणाल्या, "उद्या दिवा टिकला की पोर बी टिकंल. मग मला घोर न्हाई."

आणि नेमक्या त्या दिवशी कुमुद आली.

कुमुद माझी कोल्हापूरच्या हॉस्टेलातली मैत्रीण. मी इंटरनंतर लग्न करून मोकळी झाले, ती बी.एस्सी. होऊन कऱ्हाडच्या एका शाळेत शिकवत होती. "या शनिवारी नको, पेव उघडणार आहे," असं मी कळवलं होतं, पण ते कार्ड तिला पोचलं नव्हतं. टांग्यातून ती उतरली तीच हसत. अंगणात बावीस माणसांच्या भाकऱ्यांसाठी दोन चुली पेटलेल्या, पोती झटकणाऱ्या बाया, तराजू लावणारे गडी, आमचे हे ट्रक आणायला सांगलीला गेलेले, आणि मामंजींचा सगळ्यांवर एकच धोशा, "आटपा, सांजच्याला ट्रक येतोय."

"शालन, तुझ्या घरात लग्न आहे की बारसं?" कुमुदने विचारलं. "माणसांचं नुसतं पेव फुटलंय."

"पेव फुटलं न्हाई, उघडलंय," आत्याबाई म्हणाल्या. "ये, बस बाई. पानी घे."

बसेल तर ती कुमुद कसली. चपला काढून ती सरळ चुलीपाशी आली, माझ्या जाऊबाईंना उठवून काटवटीपुढे बसली आणि भाकरी थापायला लागली. भाकरीला एका बाजूने शेपूट फुटलं आणि दुसऱ्या बाजूला भोक पडलं. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"हसू नका," ती म्हणाली. "पाहुणीला सात खून माफ असतात."

"सात काय, धा माफ केले," आत्याबाई म्हणाल्या. "पर भाकरीचा खून करू नगंस." आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या, की डोळे पुसायला लागल्या. माझ्या लग्नात गालातल्या गालात हसल्या होत्या तेवढंच मी त्यांना हसताना पाहिलं होतं. मला कुमुदचा अभिमान वाटला आणि थोडा हेवाही वाटला. तिला या घरात काही सिद्ध करायचं नव्हतं.

दुपारी बारापर्यंत गड्यांची पहिली पंगत बसली आणि मामंजींनी मला हाक मारली, "सूनबाई, दिवा."

परसात चिंचेखाली पेवाचं तोंड होतं. शिदूमामाने दोरी दिली, दिव्याचं आणि नाकाचं ते वाक्य ऐकवलं आणि जेवायला गेला. मी दगडाला हळदकुंकू वाहिलं. कंदिलाची काच पुसली, वात वर केली, काडी ओढली. आत्याबाई लांबून बघत होत्या. कंदील हळूहळू खाली गेला, लाल चिंधी तोंडाशी आली, मी दोरी चिंचेच्या मुळाला अडकवली. खाली पिवळा ठिपका दिसत होता. आत्याबाईंनी हात जोडले आणि त्या वाढायला आत गेल्या.

कुमुद माझ्याशेजारी फतकल मारून बसली. हॉस्टेलच्या रेक्टरबाई आमटीत मीठ कमी पडलं की कशा रुसायच्या, ते ती करून दाखवत होती. तीन वर्षांत मी तशी हसले नव्हते. पोटात कळ येईल की काय, म्हणून मी पोट धरून हसले. डोळे पुसले आणि खाली वाकून पाहिलं.

खाली काळोख होता.

"कुमुद," मी म्हटलं, "दिवा गेला."

तिने वाकून पाहिलं. "विझायचाच," ती म्हणाली. "खाली कार्बन डायऑक्साइड साठलाय. जड वायू असतो तो. विहिरीच्या तळाला पाणी बसतं ना, तसा बसून राहतो."

"म्हणजे अपशकुन नाही?"

"अपशकुन कसला? उलट दिव्याने इमानाने सांगितलं. सासऱ्यांना म्हणावं, आज नको. उद्या बघू."

तिच्या तोंडून ते इतकं सोपं वाटलं. तिला कुठे माहीत होतं, त्या दिव्याला कोणकोणत्या गाठी मारलेल्या आहेत. मी तिला सांगितलं नाही. पोटातल्या जिवाचंही सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात कुणाला सांगू नये, असं आत्याबाईंनी बजावलं होतं.

तेवढ्यात आतून हाक आली, "पाव्हणीबाई, ताट वाढलंय."

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी सांगते."

"नक्की सांग. विसरशील."

"सांगते म्हटलं ना."

ती गेली. मी कंदील वर ओढला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. चिंधी तोंडाशी यायच्या आधीच ज्योत निळी झाली आणि गेली. चुलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिसऱ्यांदा काडी ओढली आणि या खेपेला दोरी अगदी सावकाश सोडली. चिंधी तोंडाशी यायला वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढी, दोरी बाकी असतानाच ज्योत थरथरायला लागली तशी मी थांबले, जरा वर घेतला. तिथे दिवा टिकला.

मग मी चिंधी सोडायला घेतली. गाठ जुनी होती, बोटांनी सुटेना, म्हणून दातांनी सोडली. चिंधीला हळदीची कडवट चव होती. दोरी जिथे तोंडाच्या दगडाला टेकली होती तिथे ती मी पुन्हा बांधली, आणि उरलेली दोरी मुळाभोवती गुंडाळून टाकली.

मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. तेव्हा मनात काय होतं, ते मी पुढे कितीदा आठवून पाहिलं आहे. जेवण व्हायला अर्धा तास आहे, तेवढ्यात हवा निघून जाईल. शिदूमामा जुना माणूस आहे, त्याला आपोआप कळेल. आत्याबाईंनी एकदा दिवा बघू दे, मग मी काहीतरी कारण काढून थांबवीन. माणूस स्वतःला फसवायला बसला की कारणांना तोटा नसतो.

शिदूमामा हात धुऊन आला. त्याच्यामागे मामंजी, माझे दीर सर्जेराव आणि दोन गडी. आत्याबाईही पदराला हात पुसत आल्या. शिदूमामाने आधी चिंधी बघितली. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, खाली बघितलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारला. उतरण्याआधी तो दिव्यावाल्या सुनेला हे विचारतोच, असं जाऊबाईंनी मला सांगून ठेवलं होतं.

"वैनी, दिवा जळतोय न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दिवा जळत होताच, त्यालाही दिसत होता.

"जळतोय, मामा," मी म्हटलं.

आत्याबाईंनी माझ्या गालांवरून हात उतरवून कानशिलांवर बोटं मोडली. कडकड वाजली. "गुणाची गं माझी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शिदूमामाने कमरेला सोल, जाडजूड दोर, बांधला. मी तिथून निघाले. स्वयंपाकघरात कुमुद जेवत होती. मला बघताच तिने विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं आणि तिच्या पानात वांग्याची भाजी वाढली.

बाहेरून शिदूमामाची हाक आली, "हां, वढा." पहिली पाटी वर आली, हळद पोत्यात ओतल्याचा आवाज झाला. कुमुदचा घास हातातच राहिला.

"शालन, हे काय चाललंय?"

मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. हाक यायला जितका वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त लागला. मामंजींचा आवाज आला, "शिदू, भरली का रं?" मग पुन्हा, जरा मोठ्याने, "शिदू."

कुमुद उठली. खरकट्या हाताने, अनवाणी, बायांच्या अंगावरून उड्या टाकत ती परसात धावली. मी तिच्या मागे गेले. सर्जेराव बंडी काढून पेवाच्या तोंडात पाय सोडत होते. तिने त्यांचा दंड धरला.

"उतरू नका. तुम्हीही राहाल खाली. खाली हवा नाहीये. सोल ओढा, सगळे ओढा."

परक्या बाईने असं दिराच्या दंडाला धरलेलं बघून गडी क्षणभर थबकले. मग ओढायला लागले. खालून ओझं येत होतं, पण आवाज नव्हता. शिदूमामाचे खांदे तोंडाच्या दगडाला अडकले. एकदा अडकले, सोडून पुन्हा ओढलं, पुन्हा अडकले. सर्जेरावांनी वाकून हात घालून त्याचा खांदा वळवला, तेव्हा तो बाहेर आला. ओठ जांभळे पडले होते, नाकातोंडात हळद होती.

कुमुदने त्याला उताणा केला, पदराने तोंड पुसलं, आणि त्या सगळ्या बाप्यांसमोर त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकायला लागली. एक गडी मान फिरवून उभा राहिला. कितीतरी वेळ ती फुंकत होती. तिचे केस सुटले होते आणि हनुवटी हळदीने माखली होती. शेवटी शिदूमामाच्या छातीतून घरघर आली. तो जगला.

त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेल्यावर परसात एकदम शांत झालं. मामंजींनी कंदील वर काढला. तो अजून जळत होता. त्यांनी मुळाभोवती गुंडाळलेली दोरी सोडवली, हातावर मापली, चिंधीची नवी गाठ बघितली. चाळीस वर्षांची जुनी गाठ त्यांच्या ओळखीची होती.

"चिंधी कुनी हलवली?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे पाहिलं. त्यांचा हात नकळत माझ्या पाठीवर आला होता. कुमुदने तो हात पाहिला, माझं पोट पाहिलं, माझा चेहरा पाहिला. ती शास्त्र शिकवत असली तरी बाईच होती. तिला सगळं एका दमात कळलं असावं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन म्हणून तिने मला वेळ दिला, हे मला तेव्हाही कळत होतं. मी जमिनीकडे बघत होते. तिथे हळदकुंकू सांडलं होतं.

"मी हलवली," कुमुद म्हणाली. "दिवा नीट दिसत नव्हता, म्हणून वर घेतला. गंमत वाटली मला. शालन तेव्हा इथे नव्हती."

मामंजींनी चिंधी मुठीत धरली. ते ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बाई, मानूस वाचवलासा त्येचे उपकार हायती. आता तुमी निघा."

"हसत आली तवाच मला कसंतरी वाटलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. सकाळी तिच्याबरोबर डोळे पुसून हसलेल्या त्याच. मग माझी पाठ थोपटत त्या हळूच म्हणाल्या, "पर आपला दिवा टिकला बघ. ह्या गोंधळातबी इझला न्हाई."

मी त्यांचा हात झटकला नाही. मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: शिदूमामा बैलगाडीत घरघरत गेला होता, माझी मैत्रीण चोरासारखी उभी होती, आणि मला हायसं वाटलं.

कुमुद चुलीपाशी गेली, चपला घातल्या. एकीचा पट्टा लागेना. तशीच चप्पल ओढत ती दारापर्यंत आली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिने सकाळचं सात खुनांचं वाक्य पुन्हा म्हटलं नाही. "जप," एवढंच म्हणाली आणि टांग्याची वाट न बघता रस्त्याने चालायला लागली.

मुलगा झाला. आत्याबाईंनी बारशाला नाव ठेवलं, दीपक. साऱ्या गावाला त्यांनी कारण सांगितलं. पाळण्याची दोरी ओढताना माझ्या जिभेवर त्या चिंधीची चव आली. कुमुदची दर दिवाळीला चार ओळींची पत्रं यायची, चार-पाच वर्षं आली. त्यांत त्या दिवसाचा शब्द नसायचा. मी एकालाही उत्तर लिहिलं नाही, मग ती थांबली.

शिदूमामा अकरा वर्षं जगला. पण पेवातून पुरता वर आला नाही. हातपाय चालायचे, जेवण भरवलं तर जेवायचा, बायकोला, तायव्वाला, ओळखायचा आणि पुन्हा विसरायचा. मामंजींनी सांगून ठेवलं होतं, शिदू असेतोवर त्याचं ताट या घरात. तायव्वा त्याला रोज सकाळी चिंचेखाली आणून बसवायची. मी त्याचं ताट घेऊन गेले की तो मान वर करायचा. बाकी सगळं बोलणं गेलं होतं, एक वाक्य राहिलं होतं.

"वैनी, दिवा जळतोय न्हवं?"

"जळतोय, मामा."

मग त्याचं समाधान व्हायचं आणि तो तोंड उघडायचा. अकरा वर्षं, रोज दोन वेळा मी त्याला हे खोटं भरवलं आणि मग भाकरी भरवली.

शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आत्याबाई जाऊन वर्ष झालं होतं. दीपक शाळेत गेला होता, घरातले सगळे हळद शिजवायला मळ्यात होते. परसात आम्ही दोघंच. मी ताट खाली ठेवलं. त्याने मान वर केली.

"वैनी, दिवा जळतोय न्हवं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणूनच मला धीर झाला असेल.

"नाही, मामा," मी म्हटलं. "विझला होता. दोनदा विझला होता. मी कुणाला सांगितलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली. त्या दिवशी दोरी हातात देताना पडली होती तशी, जुन्या शिदूमामाची. मला वाटलं, आता त्याला कळलं. मी त्याच्यापुढे बसून राहिले. त्याने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, ताट भिरकावून द्यावं, काहीही चाललं असतं.

त्याने दोन्ही हात सावकाश डोक्यावर उचलले. सोल धरायला खालून उचलायचा तसे.

"मग मला वर घ्या की, वैनी," तो म्हणाला.

मी त्याचे दोन्ही हात धरले. पण त्याला कुठून वर घ्यायचं, ते मला कळेना.